नावाचं गाणं

वासरं डागून झाल्यावर मौना केआ डोंगराच्या पायथ्याशी गुराखी पालानीचं गिटारवरचं नवं गाणं ऐकत होते. कहेलेही डोलत होता. दुसऱ्या कडव्यात टेकडीवरच्या बोचऱ्या पावसाचं नाव आलं, तसा शेजारचा हसला. "कहेले, हा पाऊस तुझ्याच घरावर पडतो. पालानी त्यात कधी भिजला रे?" तिसऱ्यात कहेलेच्या उशाशी टांगलेला लेहुआच्या फुलांचा हार आला. महिनाभर त्याची बायको पालानीशी कुजबुजत होती. अशा नावाच्या गाण्यात, ते ज्याच्यावर रचलेलं असतं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. तेवढाही धीर कहेलेला धरवेना. त्याने गिटार हिसकावून पालानीच्या डोक्यात घातली. लाकूड फुटलं, कवटीही. "भीज आता," प्रत्येक लाथेसरशी तो म्हणत होता. बायकोने धावत येऊन पालानीचं निपचित डोकं मांडीवर घेतलं. "नावाचं गाणं अर्धवट सोडत नाहीत," म्हणत तिने शेवटचं कडवं गायलं. त्यात तो हार टोपीवर मिरवणाऱ्याचं नाव होतं: कहेले.