निळ्या दाराचं घर

“बाकी सगळं पुसलं गेलं तरी चालेल,” वडील म्हणाले. “तुझ्या आईचं घर तेवढं राहू दे.”

घर म्हणजे गेममधलं घर. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. शेवटची काही वर्षं दुपारची कामं आटपली की ती कॉम्प्युटरसमोर बसायची आणि घर बांधायची. खेळणाऱ्याने भिंती उभ्या करायच्या, सामान मांडायचं, माणसं राहायला आणायची. मग ती माणसं आपली आपण उठतात, जेवतात, झोपतात. असा तो खेळ. आता कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी यायच्या आणि तिथेच थांबायच्या. फॉर्मॅट मारून सिस्टम नव्याने टाकण्यावाचून इलाज नव्हता. त्यासाठी मुलगी सुट्टी काढून आली होती.

“गेमला धक्का लागत नाही, बाबा. तो डी ड्राइव्हवर आहे. मी फक्त सी पुसणार.”

“मला त्यातलं काय कळतं. बसचं इंजिन असतं तर गोष्ट वेगळी. पण एक सांगतो, इंजिन उतरवून परत बसवलं की दोन नट हातात उरतातच. तुझं काही उरायला नको.”

“तुम्ही खेळता तो गेम?”

“छे. कधीतरी उघडतो, बघतो, बंद करतो.”

डबा घेऊन ते डेपोत कामाला निघून गेले.

दुपारच्या आत नवी सिस्टम बसली. डी ड्राइव्हवर गेम जसाच्या तसा होता. क्लिक केल्यावर सुरूही झाला, गाणं वाजलं. मुलीने जुनी घरं उघडायच्या बटणावर क्लिक केलं. तिथे काहीच नव्हतं. फक्त एक चौकोन होता, ‘नवीन घर बांधा’.

तिने ऑफिसातल्या मित्राला फोन लावला.

“आधी कॉपी काढली नाहीस?”

“गेम डीवर होता रे.”

“गेम डीवर असतो. खेळलेलं सीवर असतं.”

पुसलेलं परत आणायचा, त्याने सांगितलेला एक प्रोग्रॅम तिने चालवला. त्यातून कुणाच्या तरी लग्नाचे अर्धे फाटल्यासारखे फोटो परत आले. घर आलं नाही.

ते घर तिने कधी पाहिलं नव्हतं. ऐकलं मात्र होतं. आई फोनवर सांगायची. “दार निळं केलंय. स्वयंपाकघराला ही एवढी मोठी खिडकी. भरपूर हवा येते गं.”

“गेममध्ये कसली आलीय हवा, आई?”

“तुला नाही कळायचं.”

खऱ्या घराला दोन खोल्या होत्या. त्यात आजी, आजोबा, काका आणि हे तिघं. आईचं अंथरूण स्वयंपाकघरात पडायचं, तेही सगळ्यांचं आवरून झाल्यावर. पुढे एकेक करून माणसं कमी झाली, पण आईचं अंथरूण तिथेच राहिलं. कुणी तिला बाहेर ये म्हटलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

मुलीने नवीन घर काढलं. दार निळं केलं. खिडकी बसवली, लहान वाटली म्हणून मोठी केली. मग माणसं. वडील सोपे होते. मिशी, टक्कल, खाकी शर्ट. स्वतःलाही केलं. आईला फार वेळ लागला. केस जमले, गाल जमले, नाक काही केल्या जमेना. रुंद केलं की आजीसारखं दिसायचं, बारीक केलं की कुणासारखंच नाही. शेवटी ती उठली, तोंड धुऊन आली आणि होतं ते नाक तसंच राहू दिलं. टेबलाभोवती तीन खुर्च्या मांडल्या. आईला खिडकीपाशी उभं केलं.

उन्हं उतरताना वडील आले.

“काय, उरले का नट?” त्यांनी चपला काढता काढता विचारलं.

“नाही उरले. या, बघा.”

ते हात धुऊन आले. चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि खुर्चीत बसले. पडद्यावर मिशीवाला माणूस टेबलाशी बसला होता. शेजारी मुलगी. खिडकीपाशी उभी असलेली बाई वळली, ओट्याकडे गेली आणि ताट आणून त्या माणसापुढे ठेवलं.

वडिलांची बोटं माउसवर होती, पण माउस हलत नव्हता.

“आहे ना सगळं?” मागून मुलीने विचारलं. “काही बदललं नाही ना?”

“तसंच आहे,” ते म्हणाले. “अगदी जसंच्या तसं. हुशार आहेस.”

मुलीचा जीव भांड्यात पडला. ती चहा टाकायला आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला.

वडील पडद्याकडे बघत बसले. कॉम्प्युटर बंद पडेपर्यंत रोज सकाळी, डेपोत जायच्या आधी, ते बायकोचं घर उघडायचे. त्याचा कोपरा न् कोपरा त्यांना पाठ होता. दार असंच निळं होतं. खिडकीही एवढीच.

पडद्यावरच्या बाईने रिकामं ताट उचललं आणि धुवायला नेलं.

बायकोच्या घरात एकच खुर्ची होती, एकच पलंग. तिथे ती एकटी राहायची.