पीळ न दिलेल्या तारा

तारा सांधायची डागणी पुरती तापली नव्हती, तरी बद्रीनाथनं ती शेगडीतून उपसली. कथील वितळायच्या ऐवजी तारेवर गोळा होऊन बसलं. त्यानं ते खरवडलं, डागणी पुन्हा निखाऱ्यात खुपसली आणि खिडकीतून गुलमंडीच्या चौकाकडं पाहिलं. मोटार अजून आली नव्हती.

दारात त्याची आई, सारजाबाई, गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. देवगाव रंगारीला थोरल्या लेकाकडं निघाली होती ती, आणि तेही परत न येण्याच्या बोलीनं. कान गेल्यापासून घरातलं जो तो तिच्याशी ओरडून बोलत होता. साधं ‘भाकरी खा’ म्हणायचं तरी बेंबीच्या देठापासून. म्हातारीला शब्द कळायचे नाहीत, ओरडणाऱ्याचं तोंड मात्र दिसायचं. आपण लेकाला जड झालो, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं.

"मोटार आली की सांग रं मला," ती मागं न बघताच म्हणाली. "पर हळू सांग. जाता जाता तरी अंगावर वरडू नगंस."

बद्रीनाथला तिला एकच गोष्ट सांगायची होती. माय, जाऊ नको. सकाळी त्यानं ती सांगूनही पाहिली होती, सगळा जोर लावून. पण ‘जाऊ नको’ हे ओरडून म्हटलं की ते ‘चालती हो’सारखंच दिसतं. आईनं गाठोड्याची गाठ आणखी आवळली होती.

म्हणून हा सगळा खटाटोप. दिवसभर दुकानात गज घेऊन कापड मापणारा माणूस. विजेशी त्याचा संबंध दिवा लावण्या-विझवण्यापुरता. पण सिनेमाच्या थिएटरात मशीन चालवणारा शफीक एकदा बोलून गेला, की रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह जोडले की माणसाची कुजबुजसुद्धा मोठी होते, ओरडावं लागत नाही. झालं! लढाई संपल्यावर छावणीतून निघालेल्या भंगारातून व्हॉल्व्ह आले, फौजी टेलिफोनचा बोलायचा तुकडा आला, कुठून तरी एक जुना लाउडस्पीकर आला. रॉकेलच्या डब्याचा पत्रा सरळ करून बद्रीनाथनं त्यावर हा संसार मांडला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

शफीकनं बजावलं होतं, "बद्रीभाई, व्हॉल्व्हां को जलानेवाली दो तारां पहले आपस में बट लेव. नैं तो बोलने के बदले घूं-घूं करते बैठती मशीन."

"अवं, तारांला पीळ द्यायचा ऱ्हायला ना?" शेगडी फुंकता फुंकता आवडानं विचारलं. नवऱ्यापेक्षा बायकोच्याच ध्यानात होतं ते.

"पीळ देत बसू, का मोटारीच्या आधी हे उरकू?" तो खेकसला. "सर मागं."

त्यानं तारा तशाच जोडल्या. विजेचा धक्का बसू नये म्हणून डावा हात पाठीमागं धरला, शफीकनं शिकवलं होतं तसा, आणि उजव्यानं बटण दाबलं. जळक्या धुळीचा वास सुटला. व्हॉल्व्हच्या पोटात हळूहळू तांबूस उजेड धरला. बद्रीनाथनं टेलिफोनचा तुकडा ओठांशी नेला आणि या घरात कित्येक महिन्यांत कुणी बोललं नव्हतं इतक्या हळू म्हणाला, "माय, जाऊ नको."

लाउडस्पीकरमधून आली ती नुसती घरघर. जाड, सलग, फरशीला कंप भरवणारी. त्यानं पुन्हा म्हटलं, पुन्हा. शब्द त्या घरघरीत बुडून गेले. त्याला रडू फुटायचंच तेवढं बाकी होतं. स्वतःच्या घाईला शिव्या घालत त्यानं बटणाकडं हात नेला.

"कोन दळायलंय?"

सारजाबाईनं मान वळवली होती. ती कुणाच्याच तोंडाकडं बघत नव्हती.

"जातं वाजायलंय. आवडे, तू हायेस का गं?"

आवडा रिकाम्या हातांनी उभी राहिली. घरात जातं नव्हतंच. पीठ गिरणीतून यायचं. म्हातारी उठली, भिंतीला धरत आवाजाच्या मागावर आत आली आणि लाउडस्पीकरपुढं फतकल मारून बसली. जात्याच्या खुंट्यावर ठेवावा तसा तिनं त्याच्या कडेवर हात ठेवला.

"लई दिसांनी आईकलं रं, बद्री. मला वाटलं, समदं जगच मुकं झालं."

बटणाकडं गेलेला बद्रीनाथचा हात तिथंच थांबला.

चौकात मोटारीचा भोंगा वाजला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला, लांबलचक. आवडानं नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्यानं खिडकीकडं. म्हातारीनं ती नजरानजर बरोबर टिपली.

"आली का रं मोटार?"

बद्रीनाथनं तोंड उघडलं नाही. त्यानं नुसती मान हलवली. नाही.

सारजाबाईनं त्याचं मिटलेलं तोंड निरखून पाहिलं. मग तिनं गाठोडं ओढून भिंतीला लावलं, त्यावर पाठ टेकली आणि डोळे मिटून म्हणाली, "मंग दळू दे ह्या जात्याला. मधीच थांबवू नगंस."