उघडा माईक

"अरे तिमोफेय, बटण दाबल्यावरच माईक सुरू होईल असं सेटिंग कर की! तुझं कुत्रं आमच्या कानात भुंकतंय," सोलोमिया ऑनलाइन गेम खेळता खेळता वैतागली. दूर तिकडे लाटव्हियात, रिगाला राहतो असं सांगणारा तिमोफेय नेहमीसारखा नुसता हसला आणि माईक उघडाच राहिला.

ती युक्रेनमधल्या खार्किवची. रशियाची सीमा इतकी जवळ, की तिथे क्षेपणास्त्र आधी पडतं आणि भोंगा मागून वाजतो.

भर दुपारी, डाव ऐन रंगात असताना त्याच्या माईकमधून कानठळ्या बसवणारा गडगडाट आला. तिकडच्या काचा खडखडल्या, कुत्रं केकाटलं.

"सोलोमिया, ऊठ! पॅसेजमध्ये पळ!" तो किंचाळला.

हेडफोन फेकून ती धावली. पाठोपाठ स्फोट झाला आणि अख्खी खिडकी तिच्या खुर्चीवर येऊन कोसळली. भोंगा त्यानंतर वाजला.

तिने काचांतून हेडफोन उचलला. "तिमोफेय, इतक्या लांब रिगाला बसून तुला आधीच कसं कळलं रे?"

त्याने आधी कुत्र्याला गप्प केलं.



"आमच्या घरावरूनच गेलं ते."