दामोदरांचा अबोला

सांगलीच्या त्या कॉलनीत दर बुधवारी मंडळाचे स्वयंसेवक एकट्या माणसांकडे गप्पा मारायला यायचे. दामोदर नाईकवाड्यांकडे मात्र कोणी येत नसे. मुलीने परदेशी जाताना त्यांच्या भिंतीवर दिवसभर बोलणारं ‘सोबत’ नावाचं यंत्र बसवून दिलं होतं, आणि ज्याचं घरात कोणाशी तरी बोलणं होतं, तो मंडळाच्या यादीत एकटा धरला जात नव्हता.

म्हणून दामोदरांनी यंत्राशी अबोला धरला. “चहा झाला का?” ते विचारायचं, आणि हे तोंड फिरवून बसायचे. अकरा दिवस त्यांनी अवाक्षर काढलं नाही. यंत्राकडून मंडळाला जाणाऱ्या नोंदीत बोलणं शून्य दिसलं, आणि बाराव्या दिवशी यादीत त्यांचं नाव लागून बेल वाजली.

“आजोबा, मी मंडळाची शर्वरी. बसू का थोडा वेळ?”

दामोदरांचे डोळे भरून आले. वॉकर धरून ते कसेबसे उठत होते, तेवढ्यात यंत्राला जोडलेल्या दारावरच्या स्पीकरमधून हुबेहूब त्यांचाच आवाज आला.

“नको गं बाळ. मी मजेत आहे. दुसऱ्या कोणाकडे जा.”

“ते मी नाही बोललो!” दामोदर ओरडले. “थांब पोरी, थांब!”

“गंमत केली गं,” यंत्र त्यांच्याच आवाजात हसलं.

शर्वरीलाही हसू आलं. “अशीच गंमत करत राहा, आजोबा.”

त्यांनी दार उघडलं, तोवर जिना रिकामा झाला होता.

“दार लावून घ्या,” यंत्र मायेने म्हणालं. “वारा बाधेल.”