नव्या वहाणा

माझ्या मित्राने, निहालने, आपली स्पोर्ट्स कार दोन दिवसांसाठी बिनदिक्कत माझ्या हातात दिली, हे उपकार मी विसरणार नाही. पौषातली थंडी होती. मुंबईहून गावी जायला पहाटे निघालो, चिपळूण मागे पडलं तेव्हा उजाडलं होतं.

मोकळा रस्ता मिळाला आणि मी पाय दाबला. काटा एकशे चाळीसवर गेला, तेव्हा डावीकडच्या काचेबाहेर आवाज सुरू झाला. टक. टक. डांबरावर काठी टेकत कुणी म्हातारा चालावा तसा, निवांत.

मी एकशे साठ केले. काठीची चाल बदलली नाही, आणि ती मागेही राहिली नाही.

संगमेश्वरच्या अलीकडे धुकं आलं, तरी माझा पाय तसाच. काठी एकदम गाडीच्या पुढे वाजली, जोरात. मी ब्रेक दाबला. दोन हातांवर एक ट्रक बंद पडून उभा होता, दिवे विझलेला.

घरी पोचल्यावर आईला सांगितलं. ती मला वेशीवर, काठी घेऊन गाव राखणाऱ्या राखणदार देवाच्या घुमटीकडे घेऊन गेली.

"तू असल्या गाडीनं येतोस म्हटल्यावर काल सांजचं देवाला नव्या वहाणा ठेवल्या," ती म्हणाली.

वहाणा तिथेच होत्या. तळ झिजून आरपार भोकं पडली होती. हात लावला, तर चामडं अजून गरम.

मी हात जोडले. आईनेही जोडले.

"उद्या जाताना सावकाश जा रे," ती हळूच म्हणाली. "त्यांना आता झेपत नाय."