भरउन्हात लाईट गेली

ऑक्सिजनचं मशीन एकदा किंचाळलं आणि गप्प झालं. पंखाही थांबला. पुष्पावतीबाईंनी खाटेवरच्या नवऱ्याकडे पाहिलं. नळी नाकात तशीच होती, आणि बिभीषणराव डोळे मिटून श्वास ओढत होते.

पण त्या घाबरल्या नाहीत. पुण्याच्या लेकीनं, पंकजानं, याच भीतीपायी गेल्या आठवड्यात गच्चीवर सोलर बसवून दिलं होतं. आणि शेवगावात मे महिन्यातली दुपार. आता चालू होईल म्हणून त्या मशीनकडे बघत राहिल्या. ते चालू झालं नाही.

त्या गच्चीवर धावल्या. पॅनलवर धूळ बसली होती. हात भाजत होते, तरी पदरानं सगळी पुसून काढली. काचा लखलखल्या. खाली येऊन बघतात तर मशीन बंदच. बिभीषणरावांचे ओठ निळसर व्हायला लागले होते.

त्यांनी सोलर बसवणाऱ्या कानिफनाथला फोन लावला.

"काकू, कोपऱ्यावरच्या डीपीचा फ्यूज उडालाय. लाईट गेली की आपलं सोलरबी आपोआप बंद पडतं."

"आरं, वर एवढं ऊन हाय की!"

"ऊन असू द्या. तिकडं वायरमन खांबावर चढलेला असतो. आपली वीज उलटी तारंत गेली तर तो जागेवर मरंल. म्हनून ते तसंच बनवत्यात. बॅटरीवालं वेगळं येतं, काकू. तुमचं बिगरबॅटरीचं हाय."

शेजारचे भाऊसाहेब सिलिंडर आणायला मोटारसायकलवर गेले. पुष्पावतीबाईंनी नवऱ्याला उठवून बसवलं, त्यांच्या पाठीला आपला खांदा दिला आणि पेपरानं वारा घालत राहिल्या. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. उघड्या दारातून उन्हानं पांढरी पडलेली गल्ली दिसत होती. नवऱ्याचा प्रत्येक श्वास त्यांना खांद्याला कळत होता. एखादा यायला उशीर झाला की त्यांचा स्वतःचाही अडकत होता.

भाऊसाहेब परतायच्या आधीच लाईट आली. मशीन घरघरायला लागलं. ओठांवर रंग यायला मात्र बराच वेळ गेला.

तेव्हा कुठं पुष्पावतीबाईंच्या ध्यानात आलं. या माणसानं उभा जन्म खांबांवर चढून काढला होता. रिटायर झाला तो वायरमन म्हणूनच.

"अहो, लाईट गेल्यावर हे चालत न्हाई, हे तुमाला म्हाईत न्हवतं?"

"हुतं."

"मग बोलला का न्हाई? पंकीला सांगून बॅटरीवालं घेतलं असतं."

बिभीषणरावांनी दम खाल्ला.

"सांगनार हुतो. पन सोलर बसलं त्या रात्री तू पडल्या पडल्या झोपलीस. किती दिसांनी. मग रोज म्हनलं, उद्या सांगू."