देवगडची चिलटं

परचुरेकाकूंनी हापूसच्या पेटीभोवती घिरट्या घालणाऱ्या चिलटांवर फोन रोखला. पेटीवरच्या लेबलावर आता कुणाचाच विश्वास उरला नव्हता. आंब्यासोबत बागेतूनच येणाऱ्या चिलटांची गुणसूत्रं वाचली, की आंबा कुठला ते कळायचं.

फोन म्हणाला, "बहुतेक चिलटांमध्ये गुणसूत्राचा एक तुकडा उलटा आहे. कोरड्या उन्हात अशीच चिलटं तगतात. ही देवगडची नाहीत, पुण्याची आहेत."

"पुण्यात कधीपासून हापूस पिकायला लागला हो, घाडी?" काकूंनी हसत विचारलं.

घाडी आंबेवाले भडकलेच. "फोन बिघडलाय तुमचा! गेल्या वर्षी मी स्वतः देवगडला जाऊन बाटलीत भरून आणली होती चिलटं. त्यांचीच पिलावळ आहे ही, इथंच पुण्यात, दुकानात वाढलेली. शपथ घेऊन सांगतो!"

"बरं," काकू म्हणाल्या, "आणि आंबे?"